वयस्क गोलंदाज आणि दीर्घ मुदतीचा करार

आजच्या व्याख्यानाचा विषय वरवर पाहता व्यवहाराचा वाटतो. मुळात तो शरीराचा आहे. एखाद्या वेगवान गोलंदाजाने तिशी ओलांडलेली असते, त्याचे नाव सर्वतोमुखी झालेले असते, नुकत्याच संपलेल्या हंगामात त्याने प्रतिस्पर्ध्यांना नामोहरम केलेले असते, आणि नेमक्या त्याच वेळी संघाचे चालक त्याच्यापुढे तीन, पाच किंवा सात वर्षांचा करारनामा ठेवतात. कराराची रक्कम ठरते ती मागील कामगिरीवरून. विकत घेतली जातात ती मात्र पुढील वर्षे. मागील आणि पुढील यांमधील अंतर फलंदाजाच्या बाबतीत बेताचे असते. फिरकी गोलंदाज तर चाळिशीपर्यंत आपला धंदा चालवू शकतो. वेगवान गोलंदाजाच्या बाबतीत हे अंतर एका चेंडूचेही असू शकते.

भारतात अशा दीर्घ करारांची परंपरा नाही. क्रिकेट नियामक मंडळाचे करार वर्षावर्षाचे असतात, आणि तेही चालू शतकात सुरू झाले. म्हणून या प्रश्नाचा विचार करताना प्रथम कराराचा कागद बाजूला ठेवून एका गोलंदाजाची कारकीर्द पाहणे उपयुक्त ठरेल. जवागल श्रीनाथ यांचा जन्म ३१ ऑगस्ट १९६९ रोजी म्हैसूर येथे झाला. तेथेच ते शिकले आणि तेथील जयचामराजेंद्र महाविद्यालयातून त्यांनी अभियांत्रिकीची पदवी मिळवली. त्यांच्या कारकिर्दीचे वैशिष्ट्य असे की, वयस्क तारांकित गोलंदाजामुळे जे नुकसान होते ते त्यांनी तरुणपणी सोसले, आणि पुढे स्वतः वयस्क झाल्यावर त्या गोलंदाजाची भूमिकाही त्यांच्याच वाट्याला आली.

१९८९-९० च्या हंगामात कर्नाटकाकडून हैदराबादविरुद्ध खेळताना पहिल्याच सामन्यात श्रीनाथ यांनी सलग तीन चेंडूंवर तीन बळी घेतले. १९९१ च्या नोव्हेंबरात ब्रिस्बेन येथे त्यांनी कसोटीत पदार्पण केले. वय बावीस. भारताला इतका वेगवान गोलंदाज क्वचितच लाभला होता. असे असूनही मायदेशातील पहिली कसोटी खेळण्यासाठी त्यांना १९९४ च्या नोव्हेंबरापर्यंत, म्हणजे तब्बल तीन वर्षे थांबावे लागले. त्या काळी भारतातील खेळपट्ट्यांवर तीन फिरकी गोलंदाज खेळवण्याचा प्रघात होता. नव्या चेंडूसाठी दोनच जागा उरत, आणि त्या कपिल देव व मनोज प्रभाकर यांच्या होत्या. कपिल देव पस्तिशीला आले होते. रिचर्ड हॅडली यांचा ४३१ बळींचा विक्रम त्यांच्या दृष्टिपथात होता आणि सारा देश त्याची वाट पाहत होता. ८ फेब्रुवारी १९९४ रोजी अहमदाबाद येथे श्रीलंकेविरुद्ध तो विक्रम मोडला गेला. त्यानंतर आणखी एक कसोटी खेळून, ४३४ बळींवर कपिल देव थांबले.

या घटनेत कोणाला दोष देण्याचे कारण नाही. कपिल देव यांनी पंधरा-सोळा वर्षे निर्जीव खेळपट्ट्यांवर एकट्याने जे ओझे वाहिले त्याची परतफेड कोणत्याही विक्रमाने होण्यासारखी नव्हती. तथापि हिशेबाच्या दृष्टीने पाहिले तर तेथे एक अलिखित दीर्घ करारच अस्तित्वात होता. त्याची किंमत पैशात दिली गेली नाही. ती दिली गेली एका तरुण गोलंदाजाच्या बावीस ते पंचवीस या वर्षांनी. वेगवान गोलंदाजाच्या आयुष्यातील ही वर्षे साठवून ठेवता येत नाहीत. करारांची चर्चा करणारे लोक रकमेचे आकडे सांगतात, पण संघातील जागा हेही एक द्रव्य आहे, आणि तारांकित नावाने ते अडवून ठेवले म्हणजे त्याची नोंद कोणत्याही जमाखर्चात होत नाही.

आता शरीराकडे वळू. वेगवान गोलंदाज वीस-पंचवीस पावले धावत येतो आणि क्षणार्धात पुढच्या पायावर थांबतो. त्या क्षणी त्याच्या पायावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. तो भार गुडघ्यातून, कमरेतून व पाठीच्या कण्यातून वर सरकतो आणि अखेर खांद्यातून चेंडूला वेग देतो. ऐन तारुण्यात हाडे पुरती घट्ट झालेली नसतात, म्हणून त्या वयात कण्याच्या खालच्या भागाला तडे जाण्याचा धोका अधिक. तिशीनंतर हाडे पक्की झालेली असतात; मग झीज दिसू लागते ती खांद्याच्या स्नायूंत, गुडघ्याच्या कूर्चेत, घोट्यात आणि मांडीच्या मागील स्नायूत. श्रीनाथ यांनी कसोटी आणि एकदिवसीय सामने मिळून सुमारे सत्तावीस हजार चेंडू टाकले. यात रणजी सामने, इंग्लंडमधील कौंटी सामने आणि सरावाची जाळी धरलेली नाही. १९९५ साली ग्लॉस्टरशायरकडून खेळताना एकाच हंगामात त्यांनी ८७ बळी घेतले. धावफलकावर हा आकडा पराक्रमाचा दिसतो. खांद्याच्या दृष्टीने तो खर्चाचा आकडा आहे.

या दोन नोंदी एकाच वहीत कधी येत नाहीत, आणि सारा धोका तेथूनच सुरू होतो. १९९६ च्या नोव्हेंबरात अहमदाबाद येथे दक्षिण आफ्रिकेला विजयासाठी १७० धावा हव्या होत्या. श्रीनाथ यांनी २१ धावांत ६ बळी घेतले आणि तो संघ १०५ धावांत गारद झाला. त्या दिवशी कोणी त्यांच्यापुढे पाच वर्षांचा करार ठेवला असता तर ते शहाणपणाचेच मानले गेले असते. पुढील वर्षाच्या आरंभीच त्यांचा उजवा खांदा निकामी झाला. खांद्याचा सांधा जागेवर धरून ठेवणाऱ्या स्नायूंच्या वेष्टनाला इजा झाली होती. शस्त्रक्रिया करावी लागली, वेस्ट इंडीजचा दौरा हुकला आणि १९९७ चा बराचसा काळ मैदानाबाहेर गेला. तेव्हा मंडळाचे वार्षिक करार नव्हते. जो सामना खेळेल त्याला त्या सामन्याचे मानधन, असा रोखीचा व्यवहार होता. देशासाठी झिजलेल्या खांद्याची जोखीम ज्याचा खांदा त्याच्याच माथी होती.

श्रीनाथ परत आले. १९९९ च्या फेब्रुवारीत कोलकाता येथे पाकिस्तानविरुद्ध त्यांनी एका डावात ८६ धावांत ८ आणि सामन्यात १३ बळी घेतले. भारत तो सामना हरला, हा भाग वेगळा. परंतु खांद्याच्या शस्त्रक्रियेतून उठलेला गोलंदाज दीड वर्षात अशी कामगिरी करू शकतो, यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. जुन्या गोलंदाजाला नाकारणे हा या प्रश्नाचा उपाय नव्हे. रिचर्ड हॅडली एकोणचाळिसाव्या वर्षापर्यंत कसोटी खेळले. धाव आखूड करून त्यांनी अचूकतेवर भर दिला. जेम्स अँडरसन यांनी २०२४ साली वयाच्या बेचाळिशीच्या उंबरठ्यावर ७०४ बळींनिशी निरोप घेतला. अशी माणसे असतात. प्रश्न इतकाच की, ती कोणती हे तिसाव्या वर्षी ओळखता येत नाही आणि करारावर सही मात्र त्याच वेळी करावी लागते.

२००२ साली वेस्ट इंडीजच्या दौऱ्यानंतर श्रीनाथ यांनी कसोटी क्रिकेट सोडण्याचा निर्णय जाहीर केला होता. वय तेहतीस होत आले होते. कर्णधार सौरव गांगुली यांनी आग्रह धरून त्यांना परत बोलावले. कोलकात्याची एक कसोटी ते खेळले, परंतु त्यांना बोलावण्याचे मुख्य प्रयोजन २००३ चा दक्षिण आफ्रिकेतील विश्वचषक हे होते. त्यांच्या जोडीला झहीर खान आणि आशिष नेहरा हे दोन तरुण डावखुरे गोलंदाज होते. श्रीनाथ यांनी त्या स्पर्धेत ११ सामन्यांत १६ बळी घेतले. जोहान्सबर्ग येथे श्रीलंकेचा संघ १०९ धावांत बाद झाला तेव्हा त्यांत चार बळी श्रीनाथ यांचे होते. भारत अंतिम सामन्यात पोहोचला. २३ मार्च २००३ रोजी त्याच मैदानावर ऑस्ट्रेलियाने २ बाद ३५९ धावा केल्या. श्रीनाथ यांच्या १० षटकांत ८७ धावा निघाल्या आणि एकही बळी मिळाला नाही. तो त्यांचा अखेरचा आंतरराष्ट्रीय सामना ठरला.

त्या ८७ धावांवर पुष्कळ बोलले गेले. परंतु या व्यवहाराकडे करार म्हणून पाहिले तर तो अतिशय समंजस होता, हेच म्हणावे लागेल. त्यात काम ठरलेले होते, मुदत ठरलेली होती, आणि पुढच्या पिढीतील दोन गोलंदाज त्याच वेळी संघात खेळत होते. वृद्धत्वाचा जो दिवस कधी ना कधी यायचा होता तो कामाच्या अगदी शेवटच्या दिवशी आला. तोच करार २००६ पर्यंतचा असता तर अंतिम सामन्यानंतरची तीन वर्षे कोणी, कशी आणि कोणाच्या जागेवर काढली असती, याची कल्पना करता येते.

म्हैसूरच्या रहिवाशांना वयाचा आणि भाराचा हा विचार परका नाही. दसऱ्याच्या मिरवणुकीत सुमारे ७५० किलो वजनाची सुवर्ण अंबारी वाहणाऱ्या हत्तीला साठीनंतर ते ओझे देत नाहीत. अर्जुन नावाच्या हत्तीने २०१२ ते २०१९ अशी आठ वर्षे अंबारी वाहिली. २०२० पासून ते काम अभिमन्यूकडे गेले. मिरवणुकीआधी हत्तींचे वजन केले जाते, वाळूची पोती पाठीवर लादून त्यांना सराव दिला जातो. अर्जुनाची लोकप्रियता किती आहे, हे अंबारी ठेवताना कोणी विचारात घेतले नाही. गोलंदाजाची जन्मतारीख तर त्याच्या लिलावाच्या यादीत छापलेली असते, तरीही बोली लागते ती नावावर.

श्रीनाथ यांच्या मागोमाग झहीर खान यांचे उदाहरण महाराष्ट्राला अधिक जवळचे आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूरच्या या गोलंदाजाने २०११ च्या विश्वचषकात २१ बळी घेतले. अंतिम सामना २ एप्रिल रोजी झाला. त्याआधी जानेवारीच्या लिलावात बंगळूरच्या संघाने झहीर यांना ९ लाख डॉलरना घेतले होते, आणि ती स्पर्धा विश्वचषकानंतर आठवडाभराच्या आतच सुरू झाली. मेच्या अखेरीस बंगळूरचा संघ अंतिम सामना खेळला. त्यानंतर घोट्याच्या दुखण्यामुळे झहीर वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर जाऊ शकले नाहीत. २१ जुलै रोजी लॉर्ड्सवर ते उतरले तेव्हा त्यांचे वय बत्तीस होते. पहिल्या दिवशी १३.३ षटकांत अवघ्या १८ धावा देऊन त्यांनी इंग्लंडचे दोन बळी घेतले, आणि मांडीच्या मागील स्नायूला हात लावून ते मैदान सोडून गेले. मालिकेत पुन्हा गोलंदाजी करणे त्यांना शक्य झाले नाही. भारताने ती मालिका चार-शून्य अशी गमावली.

येथे धोका मुदतीचा नव्हता. एकाच शरीरावर दोन धनी हक्क सांगत होते, आणि त्यांपैकी कोणालाही त्या शरीराचा संपूर्ण हिशेब ठेवण्याची गरज वाटत नव्हती. दीर्घ कराराच्या बाजूने जे काही बोलता येते ते याच ठिकाणी. ज्याच्याकडे गोलंदाजाची तीन वर्षे आहेत तो त्याला तीन आठवडे विश्रांती देऊ शकतो. ज्याच्याकडे सातच आठवडे आहेत तो एक दिवसही सोडणार नाही.

इंग्लंडच्या मंडळाने २०२३ च्या ऑक्टोबरात हाच विचार करून प्रथमच अनेक वर्षांचे करार केले. तीन वर्षांचा करार मिळालेल्या तिघांपैकी एक मार्क वुड होते. त्यांचे वय तेहतीस, आणि त्याच उन्हाळ्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन कसोट्यांत त्यांनी १४ बळी घेतले होते. कराराचा पहिला लाभ मंडळाला मिळालाही: २०२४ मध्ये त्यांना भारतातील लीग स्पर्धेपासून दूर ठेवता आले. पण शरीराने करार वाचलेला नसतो. त्याच वर्षी ऑगस्टनंतर उजव्या कोपराच्या हाडाची दुखापत उघड झाली. २०२५ च्या फेब्रुवारीत लाहोरला गुडघा दुखावला आणि शस्त्रक्रिया झाली. ज्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी ही सारी काळजी घेतली गेली होती त्या दौऱ्यात, नोव्हेंबर २०२५ मध्ये पर्थला वुड यांनी ११ षटके टाकली, बळी मिळाला नाही, गुडघा पुन्हा दुखू लागला आणि मालिका त्यांच्यापुरती संपली. इंग्लंडच्या मंडळाने मूर्खपणा केला असे म्हणणे अन्यायाचे होईल. पर्थला ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास चेंडू टाकू शकणारे गोलंदाज बाजारात मिळत नाहीत. मिळेल त्या वयाचा घ्यावा लागतो.

दुखापत न होताही दीर्घ करार कसा फसतो, याचे उदाहरण दिल्लीचे आहे. ग्लेन मॅकग्रा २००७ च्या विश्वचषकात २६ बळी घेऊन सन्मानाने निवृत्त झाले. २००८ च्या लिलावात दिल्लीच्या संघाने त्यांना साडेतीन लाख डॉलर देऊन घेतले. पहिल्या हंगामात त्यांनी १४ सामन्यांत १२ बळी घेतले आणि धावाही बेतानेच दिल्या. म्हणजे खरेदी चांगली झाली. परंतु मैदानावर परदेशी खेळाडू चारच उतरवता येतात. २००९ मध्ये डर्क नॅनेस हे डावखुरे गोलंदाज भरात होते. मॅकग्रा एकही सामना खेळले नाहीत आणि पुढील हंगामापूर्वी त्यांना मोकळे करण्यात आले. दिल्लीच्या चालकांचे एका बाबतीत मात्र कौतुक केले पाहिजे. मोठ्या रकमेचा माणूस बाहेर बसवण्याचे धैर्य पुष्कळांना होत नाही. एकदा पैसे दिले की ते वसूल करण्यासाठी थकलेल्या गोलंदाजालाही खेळवण्याचा मोह होतो, आणि मग एका चुकीसाठी दोनदा किंमत मोजावी लागते.

क्रिकेटमधील या रकमा अमेरिकेतील बेसबॉलच्या तुलनेने किरकोळच आहेत. तेथे चेंडू फेकणारा पिचर हा संघाचा आधारस्तंभ असतो आणि त्याचे करार सात-सात वर्षांचे होतात. शिवाय करारातील रक्कम हमीची असते. खेळाडू जायबंदी झाला तरी ती द्यावी लागते. २०१९ साली वॉशिंग्टनचे स्टीफन स्ट्रासबर्ग अंतिम मालिकेतील सर्वोत्तम खेळाडू ठरले. त्याच डिसेंबरात, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, त्यांच्याशी सात वर्षांचा २४ कोटी ५० लाख डॉलरांचा करार झाला. त्यानंतर ते अवघे आठ सामने खेळू शकले. प्रथम मनगटाच्या, मग खांद्याजवळील मज्जातंतूंच्या विकाराने त्यांचा उजवा हात कामातून गेला आणि २०२४ मध्ये ते निवृत्त झाले. या करारात लोभ होता असे नाही. त्यांनी नुकतेच संघाला पहिले विजेतेपद मिळवून दिले होते आणि शहर कृतज्ञ होते. कृतज्ञता ही फार चांगली भावना आहे, पण पुढील सात वर्षांच्या हाताची तपासणी तिला करता येत नाही.

आणि तरीही गोलंदाजाने असा करार का मागू नये? विशीत त्याने जे चेंडू टाकले त्यांचा मोबदला बहुधा अपुरा मिळालेला असतो. बेसबॉलमध्ये पहिली सहा वर्षे खेळाडू आपल्या संघाशी बांधलेला असतो. खुल्या बाजारात तो येतो तेव्हा त्याचे उत्तम दिवस अर्धे सरलेले असतात. भारतीय गोलंदाजांना तर १९९० च्या दशकापर्यंत सामन्याच्या मानधनापलीकडे मंडळाकडून फारसे मिळत नसे. बँकेतील किंवा रेल्वेतील नोकरी हाच त्यांचा दीर्घ करार असे. तेव्हा तिशीनंतरची मोठी रक्कम ही पुष्कळदा भविष्याची किंमत नसून भूतकाळाची थकबाकी असते. चालक ती भविष्याची किंमत म्हणून देतात आणि पुढे फसवणूक झाल्याची तक्रार करतात. थकबाकी जर वेळच्या वेळी फेडली गेली, विशीतल्या गोलंदाजाला त्याच्या श्रमाचे मोल आणि दुखापतीच्या काळात निर्वाह मिळाला, तर पस्तिशीतील करार आपोआप लहान होतील. श्रीनाथ यांच्या २००३ च्या कामगिरीसारखे, एका कामापुरते.

जुगार म्हणून मात्र दीर्घ करार अधूनमधून फळतो, हेही नोंदवले पाहिजे. टेक्सासच्या संघाने २०२२ च्या डिसेंबरात चौतीस वर्षांच्या जेकब डीग्रॉम यांच्याशी पाच वर्षांचा साडेअठरा कोटी डॉलरांचा करार केला. २०२३ मध्ये सहा सामन्यांनंतर त्यांच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. कारकिर्दीतील अशी ही दुसरी. संघाने त्या वर्षीचे विजेतेपद त्यांच्यावाचूनच जिंकले. २०२४ मध्ये ते तीन सामने खेळले. सारे जाणकार या कराराकडे बुडीत कर्ज म्हणून पाहू लागले होते. २०२५ च्या हंगामात, सदतिसाव्या वर्षी, डीग्रॉम तीस सामन्यांत उतरले आणि पुन्हा एकदा अव्वल दर्जाचे पिचर ठरले. करार २०२७ पर्यंतचा आहे.